विहिणींचा मंगळवार

नर्सबाईंची मुलगी टेलरबाईंच्या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून या दोन विहिणींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, असं घरातले समजत. दोघींनी हा समज मोठ्या कष्टाने जोपासला होता.

कारण दर मंगळवारी टेलरबाई दोरे आणायला आणि नर्सबाई जुन्या मैत्रिणीकडे म्हणून निघत आणि साडेआठच्या गाडीत शेजारी-शेजारी बसत. डोळे मिटून वेळापत्रकावर बोट ठेवायचं, बोटाखाली येईल त्या गावी उतरायचं, पाय बोलेपर्यंत हिंडायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी.

मग घरी सांगायला हरकत काय? हरकत म्हणजे टेलरबाईंचा मुलगा. पोरगा लाखात एक. पण सहलीला निघाला की हातात यादी, पाठीवर औषधं, आणि कुणी बाकावर जरा टेकलं की लगेच घड्याळ दाखवणार.

विहिणींच्या अबोल्याला कंटाळून एका रविवारी त्यानेच दोघींना आणि बायकोला गाडीत घातलं. जाताना दोघी तोंडं फिरवून बसल्या. सगळं छान चाललं होतं. पण नदीकाठी एका बदकाने त्याच्या हातातली यादी पळवली, तो बदकामागे धावला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या.

परतीच्या फलाटावर तो खुशीत म्हणाला, "जमलं की तुमचं! मंगळवारी ऑफिसात काम कमीच असतं, आता दर मंगळवारी मी रजा काढतो. चौघं जात जाऊ."

टेलरबाई चटकन विहिणीपासून दूर सरकल्या. मंगळवार गेला, तर आठवड्यात उरलं काय?

"या बाईंबरोबर? दर आठवड्याला?" त्या कडाडल्या. "खिडकी सोडत नाहीत, वर घोरतात!"

नर्सबाईंनी सूर लगेच पकडला. "मी घोरते? आणि मागच्या मंगळवारी तुम्हाला डुलकी लागली, म्हणून दोन स्टेशनं पुढे गेलो, ते?"

भांडण इतकं रंगलं होतं, की आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं.

"मागच्या मंगळवारी?" मुलाने विचारलं.

टेलरबाई रुळांकडे बघत राहिल्या. आता कसला मंगळवार!

सुनेने आईकडे पाहिलं, मग सासूकडे. मग नवऱ्याच्या हातात रिकामी बाटली कोंबली.

"अरे, रागात माणूस काहीही बरळतं. तू पाणी आण बघू. आणि मंगळवारचं डोक्यातून काढ. या दोघींना एका डब्यात बसवायचं म्हणजे विस्तवाशी खेळ."

तो सुस्कारा टाकून नळाकडे गेला. तो पुरेसा लांब गेल्यावर सून दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.

"मंगळवारी मला ताप येणार आहे," ती हळूच म्हणाली. "ऑफिसला जमायचं नाही. किती वाजता निघायचं?"

नर्सबाईंनी लेकीच्या कपाळाला हात लावला.

"येणार कसला," त्या म्हणाल्या, "आलाच आहे की!"