बाप्पाने मागितली पन्नी

पाचव्या दिवशी सकाळी गणपतीच्या डाव्या खांद्यातून कोंब बाहेर आला.

तो पहिल्यांदा पाहिला ढुंढिराजकाकांनी. सत्तरी ओलांडलेले काका बालाजी घाटाजवळच्या मराठी मंडळाच्या गणपतीची पूजा गेली चाळीस वर्षं करत होते. दूर्वा वाहायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग न वळताच त्यांनी हाक मारली, "मृणालिनी! अगं, जरा इकडे ये. हे तुझ्या खात्यातलं आहे."

मृणालिनी गानू मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्न होऊन इंदूरहून काशीत आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती आणि या गल्लीत तिचा आवाज ओळखत नाही असं कुणी उरलं नव्हतं. तिने चष्मा वर केला, खांद्याजवळ नाक नेलं. दोन जाड, लंबगोल पानं, मध्ये इवलासा लवदार कोंब. तिला ओळखायला दोन सेकंद लागले.

"भोपळा आहे काका."

"भोपळा?"

"लाल भोपळा. कोंहड़ा."

काकांनी एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मोदकांचा कंटाळा आला असेल," ते म्हणाले आणि उरलेल्या दूर्वा वाहू लागले.

खरं म्हणजे यात दोष असलाच तर मृणालिनीचा होता. यंदा मूर्ती प्लास्टरची नको, मातीचीच हवी, म्हणून ती मंडळाच्या बैठकीत अडून बसली होती. मंडळाचे सचिव श्रीनिवास वझे यांना चकचकीत, डोळ्यांत खडे बसवलेली मूर्ती हवी होती. "ताई, लोग क्या देखने आएंगे?" असं ते हिंदी-मराठीच्या मधल्या भाषेत विचारत राहिले. पण श्रावणात गंगेला पूर येऊन गेला होता, घाटाच्या पायऱ्यांवर हातभर गाळ साठला होता, आणि मृणालिनीने तोच गाळ घमेल्यांनी उचलून कुंभाराकडे पोचवला होता. मूर्तीला तडे जाऊ नयेत म्हणून आरतीनंतर ती तिच्यावर ओलं फडकंही टाकायची. नदीपलीकडच्या रेतीवर लोक भोपळे, काकड्या, कलिंगडं लावतात. पुराबरोबर एखादं बी अलीकडे आलं असणार, गाळात बसलं असणार, आणि पाच दिवस आयतं पाणी मिळाल्यावर त्याने बियांचा धर्म पाळला. यात गूढ काहीच नव्हतं.

पण दुपारी श्रीनिवासनी फोटो काढला आणि आपल्या दोन-तीन ग्रुपवर टाकला. संध्याकाळी एका स्थानिक हिंदी दैनिकाचे वार्ताहर पांडेजी स्कूटरवरून येऊन गेले. सहाव्या दिवशी सकाळी तिसऱ्या पानावर बातमी होती: "काशी में चमत्कार, गणेशजी के कंधे से फूटा अंकुर".

दहा वाजेपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

आधी शेजारच्या मोहल्ल्यांतले लोक आले, मग घाटावर स्नानाला आलेले यात्रेकरू, मग चक्क रिक्षा करून आलेली कुटुंबं. कुणी कोंबाला दूध घातलं, कुणी हळद, एका गृहस्थांनी तर लाडूच टेकवून ठेवला. आणि येणारा प्रत्येक जण काहीतरी पन्नीतून आणत होता. बनारसात प्लास्टिकच्या पातळ पिशवीला पन्नी म्हणतात. हार पन्नीत, दूध पन्नीत, प्रसाद पन्नीत, पाणी बाटलीत. हार गणपतीला, पन्नी गल्लीला. दुपारी कॉलेजातून परतलेल्या मृणालिनीच्या पायात तीन पन्न्या अडकल्या, आणि दारासमोर एक गाय चौथी चघळत उभी होती.

तिचं डोकं सणकलं. ज्या मूर्तीसाठी ती गाळ उपसत होती, त्या मूर्तीपुढे हा उकिरडा!

ती तरातरा मंडपात गेली, श्रीनिवासच्या हातातला माइक घेतला आणि मुलींच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात हिंदीतून म्हणाली, "सुनिए! यह कोई चमत्कार नहीं है. मिट्टी में कोंहड़े का बीज था, पानी मिला, उग आया. आप लोग दर्शन कीजिए, पर इस भ्रम में मत रहिए."

श्रीनिवासनी डोळे मिटून घेतले. पुढच्या रांगेत नऊवारी नव्हे, सहावारी सुती साडीतली एक म्हातारी उभी होती, गाझीपूरकडची असावी. ती शांतपणे म्हणाली, "बिटिया, कोंहड़ा तो हमहूँ चीन्हत हई. चालीस बरिस बोए हैं. बाकी गणेशजी के कान्ह पर निकला है न? हमरे खेत में तो ऐसे नहीं निकला."

आणि तिने हात जोडले. मागचे सगळे "जय गणेश" म्हणाले. रांग पुढे सरकली.

मृणालिनीला वाटलं होतं की लोकांना ठाऊक नाही, म्हणून ते येताहेत. त्यांना ठाऊक होतं. भोपळा असो की आणखी काही, आपण बाप्पाला भेटायला आलो आहोत एवढं त्यांना पुरत होतं. तिने माइक श्रीनिवासच्या हातात परत दिला. मग तिच्या लक्षात आलं की तिचं भांडण भोपळ्याशी नव्हतंच. ते पन्नीशी होतं.

सातव्या दिवशी तिने कॉलेजात रजा टाकली. गल्लीच्या तोंडाशी स्वयंपाकघरातलं टेबल मांडलं, मागे पोतं उघडून ठेवलं, बाजूला पत्रावळीवाल्याकडून आणलेल्या पानांच्या द्रोणांची चळत. येईल त्याला एकच वाक्य: "पन्नी यहाँ, फूल दोने में, फिर दर्शन."

"क्यों?" असं एका जाकीटवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"क्योंकि मैं कह रही हूँ."

या उत्तरापुढे सव्वीस वर्षांत कुणाचं काही चाललं नव्हतं, त्यांचंही चाललं नाही. संध्याकाळपर्यंत तीन पोती भरली. पांडेजी पुन्हा आले तेव्हा मृणालिनीने त्यांना अंकुराचा फोटो काढूच दिला नाही. पोत्यांसमोर उभं केलं आणि सगळं समजावून सांगितलं: बी, गाळ, पूर, पन्नी, गाय. पांडेजींनी मान डोलावत वहीत बरंच काही लिहिलं. "बहुत बढ़िया मैडम, एकदम छापेंगे."

छापलं. आठव्या दिवशी पहिल्या पानावर, चौकटीत: "गणेशजी ने मांगी पन्नी".

खाली लिहिलं होतं की बालाजी घाटाजवळच्या चमत्कारी गणपतीला यंदा प्लास्टिकच वाहावं लागतं, पन्नी दिल्याशिवाय दर्शन होत नाही, आणि घरातली जुनी पन्नी अर्पण केल्याने विघ्नं दूर होतात असा भक्तांचा विश्वास आहे.

"वर्तमानपत्र वाचलंस?" सकाळी सातला ढुंढिराजकाका दारात उभे होते. हसावं की रागवावं हे त्यांचं ठरत नव्हतं.

"वाचलं. त्या पांडेला मी आता..."

"आधी बाहेर ये."

बाहेर रांग होती. कालच्यापेक्षा दुप्पट. आणि प्रत्येकाच्या हातात पन्नीने भरलेली पन्नी होती. गाद्यांखाली, फ्रिजच्या मागे, ओट्याखालच्या खणात वर्षानुवर्षं घडी घालून साठवलेल्या पिशव्या लोक बाप्पासाठी घेऊन आले होते. एक बाई शॅम्पूच्या रिकाम्या पुड्यांची माळ ओवून आली होती. साडीच्या दुकानातले दोघे जण साड्यांवरच्या पारदर्शक वेष्टणांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन उभे होते.

"हे खोटं आहे," मृणालिनी म्हणाली.

"आहेच," काका म्हणाले. "देवाच्या तोंडी आपलं वाक्य घालू नये. तू सांग त्यांना."

तिने सांगितलंच. एका मोठ्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून टेबलासमोर लावलं: "गणेशजी ने कुछ नहीं माँगा. माँगा मैंने है. मृणालिनी गानू, वनस्पतिशास्त्र विभाग." लोक यायचे, पुठ्ठा मोठ्याने वाचायचे, हसायचे, तिला नमस्कार करायचे आणि पन्नी पोत्यात टाकायचे. एका मुलीने आईला विचारलं, "तो डालें कि नहीं?" आई म्हणाली, "मैडम माँग रही हैं न, दे दो."

नवव्या दिवशी दुपारी मंडपाच्या मागच्या चौकात एकोणतीस पोती रचलेली होती. त्यातल्या दुधाच्या पिशव्या आंबल्या होत्या. वासाने शेजारच्या जोशींनी खिडक्या लावून घेतल्या. भंगारवाल्याने पोत्यात हात घालून पाहिलं आणि "पतली पन्नी कोई नहीं लेता, मैडम" म्हणून तो निघून गेला. सफाईच्या कचेरीत तिने चार वेळा फोन केला, चारही वेळा उत्तर आलं की गाडी निघाली आहे. ती गाडी कुठून निघाली होती आणि कुठे चालली होती, देव जाणे.

या सगळ्या गडबडीत भोपळ्याचं रोप दिव्यांच्या उष्णतेने आणि लोकांच्या दुधाने सुकून गळून पडलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांनी ते निर्माल्यात टाकलं.

मृणालिनी पोत्यांसमोर पायरीवर बसली. पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण जरा जास्तच घेतलं अंगावर. आधी हा कचरा निदान शंभर घरांत वाटलेला होता, आता तो एका चौकात आला होता, आणि तो आणला होता तिने.

श्रीनिवास हळूच शेजारी येऊन बसले. तिला वाटलं, आता हे बोलणार, प्लास्टरची मूर्ती आणली असती तर. पण ते म्हणाले, "ताई, उद्या विसर्जन. नदीत बंदी आहे, कुंडावर जायचंय. तिथे सफाईचे मोठे साहेब येणार आहेत, भाषण आहे. कॅमेरेवाले पण."

मृणालिनीने त्यांच्याकडे पाहिलं. "श्रीनिवास, आपल्याला ट्रॉल्या किती मिळतील?"

"सामानाच्या? मेरे भाई के पास दो हैं. तिसरी मागून आणू."

दहाव्या दिवशी चार वाजता मिरवणूक निघाली. पुढे ढोल, मग गणपती, मग लेझीम खेळणाऱ्या बायका, आणि त्यांच्यामागे तीन ट्रॉल्यांवर दोरीने करकचून बांधलेली एकोणतीस पोती, त्यांवर झेंडूच्या माळा. "गणपती बाप्पा" म्हटलं की गल्लीतून "मोरया" यायचं. पोती कसली, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला काका गंभीरपणे सांगायचे, "निर्माल्य."

कुंडाशी पोचले तेव्हा साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. स्वच्छ काशी, निर्मळ गंगा, प्रत्येक नागरिकाची जबाबदारी. ते थांबेपर्यंत मृणालिनीने थांबून घेतलं. शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या तासात घुसणं आवडत नाही. टाळ्या संपल्या तशी ती पुढे झाली, तिन्ही ट्रॉल्या तिच्यामागोमाग व्यासपीठासमोर आल्या.

"यह क्या है?" साहेबांनी विचारलं.

"निर्माल्य है, सर. हमारे गणपति का."

"यह तो कूड़ा है."

"जी. एक गली में जमा हुआ, तीन दिन में. लोगों ने अपने हाथ से लाकर दिया है. आपने अभी कहा कि नागरिक अपनी ज़िम्मेदारी निभाएँ. उन्होंने निभा दी." ती हसली. "मूर्ति हम कुंड में देंगे. यह आपको."

कॅमेरे पोत्यांकडे वळले. गर्दीतून पांडेजी वर आले. दोन दिवस मृणालिनीच्या समोर यायची त्यांची छाती झाली नव्हती, पण संधी ते सोडणारे नव्हते. "सर, यह कब तक उठ जाएगा?"

साहेबांनी ट्रॉल्यांकडे पाहिलं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताखालच्या माणसाकडे. "अभी."

"और उस गली में गाड़ी?" मृणालिनीने विचारलं.

"हफ्ते में दो दिन. मंगल और शनि."

"पांडेजी, लिख लीजिए. इस बार ठीक से."

वीस मिनिटांत गाडी आली. पोती चढली तेव्हा आपसूकच "पुढच्या वर्षी लवकर या" असा गजर झाला. तो गणपतीसाठी होता की गाडीसाठी, ते विचारू नये. मूर्ती कुंडात गेली, पाण्यात बसली आणि थोड्याच वेळात तिचा पुन्हा गाळ झाला. काकांनी डोळे पुसले. दरवर्षी पुसायचे. परतताना ते मृणालिनीला म्हणाले, "तुझं वाक्य देवाच्या तोंडी घातलं नाहीस, बरं केलंस. साहेबांच्या तोंडी घातलंस ते चालतं."

मंगळवारी गाडी आली. शनिवारी आली नाही. मृणालिनीने सकाळपासून फोन लावला, बाराव्या फोननंतर ती रविवारी आली, आणि त्यापुढच्या मंगळवारी वेळेवर.

त्या मंगळवारी तिने पांडेजींना बोलावून घेतलं. ते चहा घेत ओट्यावर बसले, गाडीत पडणाऱ्या पिशव्यांकडे पाहत राहिले. "मैडम, इसमें खबर क्या है? कूड़े की गाड़ी आई, कूड़ा ले गई."

"छब्बीस साल से रह रही हूँ यहाँ, पांडेजी. इस गली में यही खबर है."

पांडेजींनी वही काढली. बातमी गुरुवारी आली, आतल्या पानावर, चार ओळींची. त्यात चमत्कार नव्हता, नवस नव्हता, सगळं जसंच्या तसं होतं. तिचं आडनाव मात्र "गन्नू" छापलं होतं. मृणालिनीने ती बातमी कात्रीने कापली आणि दुरुस्तीसाठी पांडेजींना फोन लावला.