भोपळा कोणी उचलेना

पाण्याने भरलेला सुका, कोरलेला भोपळा चिंचेखाली ठेवून भूमीचा पुजारी बाजूला सरला. आपसात लढणाऱ्या दोन्ही गटांनी त्यातलं घोटघोट पाणी प्यायचं, की तह झाला आणि पोरं घरी राहिली. न्यादुओथला एवढंच हवं होतं. थोरला लाम लढाईत मारला गेल्यावर तिला कोआंग हा एकच मुलगा उरला होता, आणि तह मोडला तर त्यांच्या गटाचा कमांडर त्याला आजच लढायला परत नेणार होता.

पण भोपळ्याला कोणी हात लावेना. मारणारा आणि मेलेल्याचे घरचे एका भांड्यातून प्यायले की दोन्ही घरांत मरण शिरतं, हे शेण वेचणाऱ्या पोरालाही ठाऊक. पूर्वी माणूस मारला की मारणारा पाण्याला न शिवता पुजाऱ्याकडे धावायचा. पुजारी त्याच्या दंडावर चीर देऊन मेलेल्याचं रक्त बाहेर काढायचा. मग मेलेल्याच्या घरी गुरं द्यायची. ती गुरं मोजून मेलेल्याच्या नावाने बायको आणायची, तिच्या पोरांनी त्याचा वंश चालायचा. मग बंदुका आल्या आणि कमांडर म्हणाला, गोळीने मेलेला लढाईचा. त्याची गुरं नाहीत, चीरही नाही, आणि कोणी मारला हेही विचारायचं नाही. ते फुकटचं मरण सगळ्यांनाच सोयीचं वाटलं. मेलेल्याला विचारतो कोण?

लढाईवरून परतल्यापासून कोआंग घरच्या भोपळ्याला शिवला नव्हता. तेलाच्या रिकाम्या डब्यातून प्यायचा, तेही पाठ फिरवून. न्यादुओथने कधी विचारलं नाही. तो सांगेल, याचीच तिला भीती होती.

"प्या की," कमांडर खोडाला टेकून हसला. "पाणीच आहे, विष नाही."

पलीकडून न्यावाल नावाची बाई उठली. "माझा पोरगा तुत नदीवर गेला होता. कोणी मारला तेवढं सांगा. मला कोणाचा जीव नको, गुरं द्या. मेला तरी रोज पहाटे गुरांपाशी येऊन उभा राहतो, बायको मागतो. किती दिवस तोंड चुकवू त्याला?"

"गोळीला नाव नसतं, बाई," कमांडर म्हणाला. " एकाची गुरं दिली की सगळ्यांची द्यावी लागतील. बस खाली."

न्यादुओथने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "बोल रे," ती पुटपुटली. "गुरं गेली तर गेली."

कोआंग उठला. "मी एकाला मारलं. पण नदीवर नाही, गवतात. त्याच्या खांद्यावर वासरू होतं."

न्यावाल मटकन खाली बसली. तिच्यामागची बाई उठली. "वासराच्या कपाळावर पांढरं होतं का रे?"

"आठवत नाही, मावशी."

"आठव ना. तेवढंच सांग."

"माझाही गवतातच पडला," तिसरी म्हणाली. "त्याच्याकडे वासरू नव्हतं. त्याला कोणी मारलं?" मग अलीकडच्या बायाही उठल्या. जी ती आपापल्या पोराचं विचारू लागली.

पुजाऱ्याने चीर द्यायला कोआंगचा दंड धरला होता, हातात पातं होतं. आता आपण गप्प राहायला हवं, हे न्यादुओथला कळत होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या लामला कोणी मारलं?"

पलीकडच्या एका माणसाने पटकन मान वळवली. ते कोआंगने पाहिलं. त्याने दंड सोडवून घेतला आणि कमांडरने पुढे केलेली बंदूक धरली.

सगळे पांगल्यावर पुजाऱ्याने भोपळा जमिनीवर ओतला.

कोआंग कमांडरबरोबर गेला होता. घरी तेलाचा डबा दाराशी तसाच होता. न्यादुओथने तो भरून ठेवला. सकाळी पाहिलं तर डबा रिकामा. लाम पिऊन गेला की कोआंग, ते तिला कळेना. या वेळी तिने कोणालाच विचारलं नाही.