दुर्बीण उडेपर्यंत

“हवा मध्ये येते, बाबा,” यशपाल सांगत होता. “तारा लुकलुकतो तो हवेमुळं. भट्टीच्या झळांतून पलीकडचा माणूस हलताना दिसतो ना? तसं. काही उजेड तर हवा खाली येऊच देत नाय. म्हणून दुर्बीण हवेच्या वर धाडायची.”

आमचे हे खाटेवर बसून धापा टाकत ऐकत होते. जन्मभर साखर कारखान्याच्या भट्टीत उसाची चिपाडं ढकलली, त्या भुशानं फुप्फुसं खाल्ली. इथं श्वासाला हवा पुरेना, आणि बापलेक बोलतात काय, तर हवा नसलेल्या जागेबद्दल. माझं डोकंच फिरलं.

“वर बघायला माणूस बसतो?” ह्यांनी विचारलं.

“नाय. आत मोठा आरसा, उजेड गोळा करणारा. यंत्र चित्र टिपतं, रेडिओनं खाली धाडतं. पुढल्या वर्षी उडणार. चित्रं आणून देईन तुमाला.”

झालं. लोपितालचं, म्हणजे इस्पितळाचं, नाव काढलं की भांडणारा माणूस मुकाट सुया टोचून घेऊ लागला. “दुर्बीण उडेपर्यंत टिकायचंय,” म्हणायचे. खरं सांगते, मला त्या दुर्बिणीचा हेवा वाटायचा. माझ्यासाठी कधी एक गोळी गिळली नव्हती.

शहाऐंशीच्या जानेवारीत अमेरिकेचं यान उडताच फुटलं. आतली सगळी माणसं गेली. तसल्याच यानातून दुर्बीण जायची होती. यशपाल बो बासें शहरात शाळेत शिकवायचा; तिथून सुटी काढून आमच्या गावी, नुव्हेल फ्रांसला आला, तो फाटकातच थांबला.

“आये, आता कैक वर्षं ती उडत नाय. बाबांना उडाली म्हणून सांगू. कसलं तरी चित्र दाखवू.”

“मरत्या माणसाला फसवतोस? बाप हाय तो तुझा.”

मीच आत जाऊन यान फुटल्याचं सांगितलं.

“आतल्यांची पोरंबाळं असतील,” हे म्हणाले. मग म्हणाले, “आता लोपिताल नको, शांती.”

“असं कसं?”

“की पू फेर. काय करायचं आता जाऊन?”



सकाळी लोपितालला न्यायची टॅक्सी आली, ती मी हातानंच परत धाडली. यशपाल उंबऱ्यावर रडत बसला. आडवं झालं की ह्यांचा श्वास कोंडायचा, म्हणून मी खाटेवर चढून त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. दुपारपर्यंत त्यांची पाठ वरखाली होत होती. मग त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. मी तशीच बसून राहिले.