रविवार, तीन ते चार

माझ्या नाकावर राग असतो, हे जवाहरनगरातल्या आमच्या क्वार्टरच्या लाइनीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे माझी मुलगी प्रतिक्षा जेव्हा म्हणाली, "बाबा, आपल्या घराचं एक कॅलेंडर बनवू, सगळ्यांच्या फोनमधे एकच," तेव्हा मी जे बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच: "घर आहे का फॅक्टरी? तुह्या आईले सारं तोंडपाठ आहे. कॅलेंडर कायले पायजे?"

"तेच तर," प्रतिक्षा म्हणाली. "आईले तोंडपाठ आहे, म्हनून आई कुठं जाऊ शकत नाई."

सरिताला, म्हणजे माझ्या बायकोला, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं होतं. नागपूरकडच्या केंद्रात. तिथं पोचलं की फोन जमा करायचा, बोलणं बंद, अकराव्या दिवशी सकाळी सुटका. चार वर्षांपूर्वी ती एकदा गेली होती. चौथ्या दिवशी माझी माय मोरीत घसरली आणि मी केंद्राच्या ऑफिसात फोन लावून सरिताला परत बोलावून घेतलं. माईचा पाय नुसता मुरगळला होता. सरिता आली. पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली. दुसऱ्यांदा तिनं फॉर्म भरला आणि आपणच मागे घेतला. यंदा सुईत दोरा ओवता ओवता एवढंच म्हणाली, "आता नाई गेली तर मंग कदी जाईन जी मी?" दोरा काही सुईत जाईना. मी पेपर वाचत होतो.

घरात आम्ही पाच माणसं. मी फॅक्टरीत, दर आठवड्याला बदलती ड्यूटी. धाकटा भाऊ अंकुश शाळेची बस चालवतो. प्रतिक्षा भंडाऱ्याला नर्सिंगला. माझी माय, मंगलाबाई, तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आणि सरिता, जी घरी ब्लाउज शिवते आणि उरलेल्या वेळात आम्हा चौघांना चालवते. उरलेला वेळ हे माझे तेव्हाचे शब्द.

प्रतिक्षानं महिनाभर आधी कामाला सुरुवात केली. आई बोलायची, ही टाइप करायची. नळाची वेळ, गॅसचा नंबर लावायचा दिवस, माईच्या गोळ्या, अंकुशच्या खाकी ड्रेसची इस्त्री, कोणाचा ब्लाउज कधी द्यायचा, माझी पहिली पाळी असली की डबा किती वाजता. प्रत्येकाचा वेगळा रंग. एक पैसा लागला नाही, सगळं फुकट. फुकटचं म्हणून माझा त्यावर भरवसा नव्हता, तरी पंधरा दिवसांनी मी सहज फोन उघडून पाहिला आणि बघतच राहिलो. महिन्याच्या पानावर पांढरी जागा दिसेना. बोट लावलं की एकेका नोंदीच्या पोटात आणखी मजकूर निघायचा. माईच्या डोळ्याच्या थेंबांची नोंद उघडली. पांढऱ्या झाकणाची बाटली सहा वेळा, गुलाबी झाकणाची चार वेळा, दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर. आणि खाली: "आधी माईच्या खांद्यावर हात ठेवा, मग बाटली जवळ न्या. नाहीतर दचकते."

पंचवीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवतो. माझी माय दचकते, हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी सरिता गेली. जाताना चार वेळा दारातून परत आली. "माय, डोया चोळू नोका. अंकुश, नळ सहाले येते." शेवटी मायच ओरडली, "जाय वं बाई! फोनमंधी सारं हाय ना?" अंकुशनं तिला बसस्टँडवर सोडलं. केंद्राच्या ऑफिसचा नंबर प्रतिक्षानं फ्रिजवर चिकटवला होता. खाली लाल पेनानं लिहिलं होतं, 'खरंच गरज असेल तरच.'

गुरुवारी घर घड्याळासारखं चाललं. फोन वाजायचा, ज्याचं काम तो उठायचा. आम्हाला फॅक्टरीत फोन नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. म्हणून मी ड्यूटीवरून आल्यावर निवांत बसून दिवसाच्या नोंदी पाहिल्या. सगळी कामं झालेली, तरी सगळ्या नोंदी जागच्या जागी. आता आमच्या सेक्शनमध्ये पद्धत अशी, की काम झालं की त्याची चिठ्ठी फाडायची. झालेल्या कामाची चिठ्ठी टेबलावर राहिली तर दुसऱ्या पाळीचा माणूस तेच काम पुन्हा करून बसेल. ही शिस्त माझ्या अंगात इतकी मुरली आहे की घरात विजेचं बिल भरलं तरी कागदावर काट मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी एकेक नोंद खोडायला लागलो. फोन दर वेळी विचारायचा: फक्त ही नोंद, ही आणि पुढच्या, की सगळ्या? मी अर्धवट काम करणारा माणूस नाही. मी दर वेळी 'सगळ्या' दाबलं. छत्तीस वेळा. पान पांढरं स्वच्छ झालं आणि मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी कोणाचाही फोन वाजला नाही. मला वाटलं, घर आता वळणावर आलं. ड्यूटीवरून आलो तर पाण्याचा ड्रम कोरडा. मी अंकुशला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "भाऊ, फोन वाजलाच नाई ना!" दारात एक बाई ब्लाउज मागायला उभी. तो शिवून कुठं ठेवलाय, कोणाला पत्ता नाही. तिला कसंबसं वाटेला लावलं, तेवढ्यात खाटेवरून माय मला म्हणाली, "गुलाब, आज थेंब नाई टाकले रे कोनी. फोन वाजला नाई म्हनून मले वाटलं, संपले असतीन."

डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, थेंब चुकवायचे नाहीत. माईचा डोळा लाल दिसत होता. बाटल्या दोन, समोर होत्या. पण आता या आठवड्यात पांढरी किती वेळा आणि गुलाबी किती, कोणाला आठवेना. डॉक्टरचा कागद कुठं आहे तेही कोणाला माहीत नव्हतं. फोन उघडला तर सगळं पांढरं. तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

"वहिनीले फोन लाव," अंकुश म्हणाला.

मी फ्रिजपाशी गेलो. नंबर दाबला. हिरव्या बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात माय उठून बसली.

"मांगच्या वेळी माह्या पायासाठी तिले आनलं," ती म्हणाली. "आता माह्या डोयासाठी आनतेस? आनलंस तर थेंब टाकू देनार नाई मी. आंधयी राहीन."

माझी माय अशी बोलत नाही. ती कुरकुरते, पण निकाल देत नाही. मी फोन खिशात ठेवला. मला सरिताची आठवण आली ती कणीक मळतानाची, आणि लाज वाटली.

तासाभरात प्रतिक्षा कॉलेजातून आली. मी तिला सगळं सांगितलं. लपवावंसं वाटलं, पण सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला. "बाबा, तुमी चिठ्ठ्या फाडल्या?" मग लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "थांबा. खोडलेलं महिनाभर कुठं जात नाई. याची एक कचरापेटी असते."

तिनं कुठंतरी बोट लावलं, आणि मी खोडलेलं सगळं खालून वर येत गेलं. नळ. गॅस. गोळ्या. पांढरी बाटली आता चार वेळा, गुलाबी दोन. डॉक्टरचा कागद: 'शिलाई मशीनच्या खालच्या खणात, निळी फाइल.' अंकुशनं खण ओढला. निळी फाइल होती. नागपूरपलीकडे ती बाई तोंड मिटून, डोळे मिटून बसलेली होती आणि इथं माझ्या भावाला हातात फाइल देत होती. मी माईच्या खांद्यावर हात ठेवला, मग बाटली जवळ नेली. माय दचकली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं डोळा पाहिला आणि म्हणाला, एका दिवसानं बिघडलं नाही, पुढे चुकवू नका.

पण त्या शुक्रवारचं अजून संपलेलं नव्हतं. प्रतिक्षा नोंदी परत घेत होती, आणि मध्येच थांबली.

"बाबा, हे तुमी खोडलेलं नाई."

"मंग कोनं?"

"तारीख पाहा. हे आई जायच्या आधीचं आहे. हे आईनं खोडलं."

मी चष्मा लावला. त्या नोंदींना रंगच नव्हता. आम्हा चौघांना रंग वाटून झाल्यावर तिनं आपल्यासाठी रंग घेतलाच नव्हता.

'सरिता, डोळे तपासणे, भंडारा.' मंगळवारी टाकलेलं, खोडलेलं. कारण त्या दिवशी माईचं ड्रेसिंग. पुढच्या मंगळवारी पुन्हा टाकलेलं, पुन्हा खोडलेलं; माझी पाळी बदलली होती. तिसऱ्यांदाही तसंच. मला तो सुईत न जाणारा दोरा आठवला.

'अड्याळ, आईला भेटणे.' तिचं माहेर. तेही खोडलेलं.

आणि मग एकाखाली एक, चार रविवार: 'तीन ते चार. काही नाही.'

"म्हंजे काय?" अंकुशनं विचारलं. "काई नाई म्हंजे काय काम?"

मी नोंद उघडून पाहिली. बाकी प्रत्येक नोंदीच्या पोटात दहा ओळी असत. हिच्या पोटात एक अक्षर नव्हतं. आठवड्याला एक तास तिनं स्वतःसाठी मागून पाहिला होता, तोही फोनकडे, आमच्याकडे नाही. आणि चारही वेळा कोणाचा तरी रंग त्यावर येऊन बसला, आणि तिनं मुकाट्यानं आपला तास उचलून पेटीत टाकला. मी रागीट माणूस आहे, पण त्या दिवशी राग कोणावर काढावा ते मला कळेना. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. एवढं मोठं काम माझ्या डोळ्यांसमोर पंचवीस वर्षं चाललं होतं आणि मला ते दिसायला कचरापेटी उघडावी लागली.

"या पन परत घे," मी प्रतिक्षाला म्हटलं. "पुढच्या तारखा टाक. आनि यायले रंग दे."

"कोनता?"

माय खाटेवरून म्हणाली, "पिवया दे. तिच्या लग्नातलं लुगडं पिवयं होतं." हेही मला आठवत नव्हतं.

उरलेले दिवस आम्ही काढले. भात दोनदा करपला, ब्लाउज मशीनच्या खोक्यात सापडला, नळ एकदाही चुकला नाही. फ्रिजवरच्या नंबराला कोणी हात लावला नाही.

अकराव्या दिवशी, रविवारी, दुपारी दीडला सरिता आली. चेहरा शांत, थोडी वाळलेली. दारात चप्पल काढली, बुद्धाच्या फोटोपुढे हात जोडले आणि सरळ माईचा डोळा पाहायला गेली. मग ड्रममध्ये डोकावली. ड्रम भरलेला होता. मग पदर खोचून स्वयंपाकघरात निघाली. तिथं अंकुश भांडी घासत होता. ती तिथंच थबकली.

बरोबर तीनला घरातले पाचही फोन एकदम वाजले. तिनं आपला फोन उघडला. पिवळी पट्टी.

"हे तर मी काढलं होतं," ती म्हणाली. "कोनं टाकलं जी?"

"मी," मी म्हटलं. "मंगळवारी डोळे दाखवाले जायचं आहे. मी सुट्टी टाकली."

तिनं फोन ठेवला. बाहेरच्या सपरीत, म्हणजे पडवीत, खुर्ची होती, तिच्यावर टेकली. दोन मिनिटांनी उठली, "तांदूळ तं निवडते," म्हणाली. माय म्हणाली, "बस." पुन्हा उठली. माय पुन्हा म्हणाली, "बस ना वं बाई." मग ती बसली. हात मांडीवर कसे ठेवावेत तेच तिला सुधरेना. हळूहळू ते सैल पडले, आणि मान खुर्चीच्या पाठीला लागली.

मी दाराआडून पाहत होतो. माझी बायको काहीही करत नव्हती. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

चारला माझा फोन थरथरला: पांढरी बाटली. मी माईच्या खांद्यावर हात ठेवला, थेंब टाकले आणि बाहेर डोकावलो. सरिता झोपली होती. मी फोनवरची पिवळी पट्टी बोटानं धरून खाली ओढली, पाचपर्यंत. फोननं विचारलं: फक्त ही नोंद, की सगळ्या?

मी 'सगळ्या' दाबलं.