कोंबांची वाटी

तर थोरली एका प्रयोगशाळेत लागली होती, आणि काम काय, तर ब्रोकोलीचे कोवळे कोंब वाटायचे, गाळायचे आणि तो अर्क काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर सोडून बघत बसायचं. आणि खरंच, पेशींची वाढ मंदावायची! जेवताना तिने फुशारकीने सांगून टाकलं, "बाबा, यातलं काहीतरी कॅन्सर रोखतं बहुतेक."

बाबा बसचे ड्रायव्हर. म्हणाले, "वा, शास्त्रज्ञीणबाई! म्हणजे आता आम्ही गवत खायचं!"

वर्षभराने त्यांच्याच घशात कॅन्सरची गाठ निघाली.

आता रोखतं म्हणजे नक्की काय, हे कुणी विचारलंच नाही हो. बाबांनी सरळ कोंब सुरू केले, रोज वाटीभर, कच्चे. उपचारांनी तोंड आतून सोलून निघालेलं, साधं पाणी झोंबायचं, आणि हा माणूस डोळे गच्च मिटून चावतोय! आई म्हणायची, "अहो, राहू द्या ना."

"गप गं. पोरीने शोधलंय."

पोरीने! थोरली पेचात पडायची. खरं सांगावं, तर त्यांचा तेवढाच आधार काढून घ्यायचा. न सांगावं, तर हे असं बघत राहायचं.

एका दुपारी घासाला रक्त लागलं. तिने वाटीच धरली.

"बाबा, नका खाऊ. याने तुमचा आजार नाही जाणार."

"तूच म्हणालीस ना, रोखतं?"

"व्हायच्या आधी. तेही कदाचित. बशीत दिसलंय, माणसांचं अजून नक्की नाही. आणि एकदा झाल्यावर..."

बाबांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे हँडब्रेक. उभ्या गाडीला लावायचा. उतारावर सुटलेल्या गाडीला त्याचा काय उपयोग?"

"काहीच नाही, बाबा."

"मग आधी बोलायचंस ना, गाढवे! केवढं झोंबतं ते!" हसायला गेले, तर ओठ चिरला. तो पुसत त्यांनी वाटी तिच्याकडे सरकवली. "तुझी गाडी उभी आहे ना अजून? खा."

"बाबा, नको ना..."

"खा म्हणतो ना. माझ्यासमोर."

ती खायला लागली. नाक वाहतंय, आणि बाबा प्रत्येक घासाकडे टक लावून. वाटी रिकामी झाली तशी ते आईला म्हणाले, "मला काहीतरी गार दे. मऊसं."

आई लगबगीने उठली. ती येईपर्यंत त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. रोज करण्यासारखं एक काम होतं त्यांच्याकडे. आता तेही उरलं नव्हतं.