धाकटीचा उत्प्रेरक

थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ एकाच प्रयोगशाळेत कामाला होत्या. धाकटीला तिथं चिकटवलं थोरलीनंच. आता तिला वाटायचं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

काम दोघींचं एकच होतं. औषधाच्या रेणूवर क्लोरीनचा अणू नेमक्या बाजूनं बसवायचा. चुकीच्या बाजूनं बसला, तर उजव्या हातासमोर डावा असावा तसा उलटा रेणू तयार होतो, आणि तो औषधाला कुचकामी. बाजू ठरवतो उत्प्रेरक. थोरलीनं एकाहून एक महागडे उत्प्रेरक वापरून पाहिले, पण तपासणी यंत्राच्या कागदावर दरवेळी दोन सारखीच शिखरं. निम्मे उजवे, निम्मे डावे.

मग एका सकाळी धाकटीनं शोधलेल्या उत्प्रेरकानं तिच्या कागदावर एकच उंच शिखर आलं. शेजारी उलट्या रेणूंचा जेमतेम उंचवटा.

"ताई, बघा ना!" ती धावतच आली.

"छान गं," थोरली म्हणाली आणि कागद उलटसुलट करून चूक शोधू लागली.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण धाकटीच्या हाताला यश आहे हो!"

दुसऱ्या दिवशी थोरली प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांकडे गेली. "एकदा जमलं म्हणजे झालं असं नाही, सर. दुसऱ्या कुणीतरी करून बघायला हवं."

"खरंय. मग तुम्हीच करा."

तिनं केलं. बिघडावं, असं मनापासून वाटत होतं. मिश्रण जरा कमी गार ठेवलं असतं तरी पुरे होतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण हात लबाडीला तयार होईनात. पारा चढताना दिसला तशी तिनं गारवा वाढवायला बर्फात आणखी मीठ टाकलं.

तिच्या कागदावरचा उंचवटा धाकटीच्याहूनही लहान निघाला.

"शोधनिबंधावर ताईंचं नाव आधी घाला, सर," धाकटी म्हणाली. "मला सगळं त्यांनीच शिकवलंय."

थोरलीनं तिच्या चेहऱ्यावर नाटक शोधलं. सापडलं नाही, म्हणून जास्तच जळफळाट झाला.

"काही नको. तिचं काम, तिचंच नाव," ती फटकन म्हणाली.

संध्याकाळी सासूबाईंच्या कानावर ते गेलंच. "किती मोठं मन गं तुझं!"

थोरली खाली मान घालून भांडी विसळत राहिली. उद्या कोणता नवा उत्प्रेरक लावायचा, हे ती मनात ठरवत होती. त्यातलं एक अक्षरही धाकटीला कळू द्यायचं नव्हतं.