दांडीखालची निळी कोकरं

आमच्या घरात मेंढी निवडायला डोकं लागत नाही, दांडी लागते.

मेंढ्यांच्या वाडग्यातून बाहेर पडायला एक अरुंद बोळ आहे. दोन्ही बाजूंना फळ्या ठोकलेल्या. बोळाच्या तोंडाशी आजोबांनी एक लोखंडी दांडी आडवी बसवली, ती आजवर कुणी बोटभर वर केली नाही की खाली. कोकरांचं दूध तोडलं की त्यातल्या सगळ्या माद्या त्या बोळातून हाकलायच्या. जिची पाठ दांडीला घासली ती उजवीकडे, म्हणजे घरची. जी खालून सुळकन निघून गेली ती डावीकडे, म्हणजे ट्रकात. नर तर सगळे ट्रकातच जातात, त्यांचा प्रश्नच नाही. बोळाच्या तोंडाशी बसून फाटक इकडून तिकडे फिरवायचा मान आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे वडील. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे.

मेंढ्या आमच्या बघण्यासारख्या आहेत, खोटं कशाला बोला. उंच, भरलेल्या, मान ताठ. रस्त्याने जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. फोटोचे पैसे कुणी देत नाही.

आणि इथेच माझं डोकं फिरायचं. दरवर्षी आम्ही चांगल्यातल्या चांगल्या मेंढ्या घरी ठेवत होतो आणि दरवर्षी हातात आधीपेक्षा कमी उरत होतं. चांगल्यातून चांगलं काढत गेलं तर वाईट येतं कुठून? विचारावं तर ज्याचं त्याचं उत्तर तयार. आप्पा म्हणायचे, कुरणाचा कस गेला. व्यापारी म्हणायचा, बाजार पडलाय. बाजार चढलाय असं म्हणालेला व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. धाकटा म्हणायचा, धंदाच मेलाय ताई, तू मढ्याला खुराक घालतेयस.

धाकटा माझा भाऊ. तो, त्याची बायको, त्याचं तान्हं. आणि इकडे आप्पा आणि मी. नवऱ्याला सोडून मी परत आले, कारण सांगत बसत नाही. तर अशा दोन चुली, एका कळपावर. धाकट्याला शहरात बर्फाच्या ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी चालून आली होती. "दोन चुली चालतील असा कळप दाखव, मी राहतो," असं तो मला तोंडावर म्हणाला होता. तो गेला तर कळप विकावा लागणार, हे लहान पोरालाही कळेल. मी एकटी आप्पांना उठवून बसवू, की व्यायला अडलेली मेंढी सोडवू? नोकरीवाल्यांना कळवायचा शेवटचा दिवस आणि आमचा दांडीचा दिवस नेमका एकच निघाला.

मेंढ्या व्यायच्या आधी मी एक शहाणपणा केला होता. सरकारी सल्लागार बाईंना बोलावलं होतं. म्हटलं, शिकलेली बाई आहे, दोन गोष्टी सांगेल. बाई आल्या, बाजेवर बसल्या आणि उलट आम्हालाच विचारायला लागल्या.

"आधी मला सांगा, तुम्हाला मेंढीकडून काय हवंय?"

"काय म्हणजे?" आप्पा म्हणाले. "मेंढी हवीय."

"वजन," धाकटा म्हणाला. "वजनावर पैसे मिळतात."

"आजारी न पडणारी हवी," भावजय आतून ओरडली. "औषध पाजायला मलाच उठवतात."

लोकरीचं नाव कुणीच काढलं नाही. कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, तिचं नाव कोण काढणार?

"आणि तुम्हाला?" बाईंनी मला विचारलं.

"सगळं," मी म्हटलं.

बाई हसल्या. "सगळं मागितलंत तर प्रत्येकातलं चिमूटभर मिळेल. एका गोष्टीवर जोर दिला की दुसरी ढिली पडते. वजनाला किती भाव द्यायचा, जुळ्यांना किती, मेंढीच्या खाण्याला किती, हे तुम्ही ठरवा. मग मेंढा कुठला, माद्या कुठल्या, ते मी मांडून देते."

"तुम्हीच ठरवा की. शिकलेल्या आहात."

"तुमचं कुरण मी कसं ठरवू? जुळी हवीत तर आईला दूध हवं, दुधाला चारा हवा. चारा नसेल तर जुळी म्हणजे दोन मेलेली कोकरं."

मला असा राग आला! वाट विचारली तर बाईने कुठे जायचंय ते विचारलं. मला ते माहीत असतं तर मी तिला चहा कशाला पाजला असता? जाताना एवढंच सांगून गेली की जुळ्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे त्यांच्या आयांना वेगळा खुराक घालता येईल. यंदा गवत बरं होतं, जुळीही नेहमीपेक्षा जास्त झाली. मी निळा रंग आणला आणि प्रत्येक जुळ्याच्या पाठीवर एक फराटा ओढला. धाकटा म्हणाला, "उरला तर दरवाजाही रंगवून टाक."

तर दांडीचा दिवस. व्यापारी सकाळीच ट्रक घेऊन हजर, नर आधीच वर चढवून झालेले. त्याला आम्ही काटेवाला म्हणतो, कारण तो वजनकाटा स्वतःचा घेऊन येतो. त्यावरून काय समजायचं ते समजा. आप्पा फाटकाशी बसले, धाकटा कोकरं बोळात घालत होता, मी मागून ढकलत होते. भावजय तान्ह्याला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी.

पहिलं निळं कोकरू दांडीखालून गेलं. डावीकडे. पाठोपाठ एक पांढरं, पाठ घासली, उजवीकडे. पुन्हा निळं, डावीकडे. पुन्हा निळं, डावीकडे. मला वाटलं, असेल योगायोग. ढकलत राहिले. मग एकदा मान वर करून पाहिलं आणि हात जागच्या जागी राहिले.

"थांबा."

"काय झालं? पाय अडकला का कुणाचा?" धाकटा म्हणाला.

"डावीकडे बघ."

डावीकडचं आवार निळंभोर दिसत होतं, मध्येमध्ये एखादं किरटं पांढरं. उजवीकडे सगळी उंच, पांढरी, झकास. आणि एकही निळं नाही. एकही नाही!

"जुळी बारीकच असतात," आप्पा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"तेच म्हणतेय मी. बारीकच असणार. आई एक, तोंडं दोन. दूध वाटलं गेलं, तर पाठ दांडीला लागणार कशी? म्हणजे जी मेंढी दोन देते तिच्या पोरी आपण ट्रकात घालतो. जी एकच देते तिची पोर घरी ठेवतो. आणि हे आजोबांपासून चाललंय, आप्पा! आपण उंची निवडत नव्हतो. एकटेपणा निवडत होतो. या धिप्पाड बाया वर्षभर दीड मेंढीचं खातात आणि एक कोकरू देऊन मोकळ्या होतात. पैसा कुठे जातो म्हणून आपण बाजाराला शिव्या घालत होतो. पैसा यांच्या पोटात जात होता."

आप्पांनी फाटकावरचा हात काढला नाही. "माझ्या बापाला अक्कल नव्हती म्हणतेस?"

"होती. त्यांच्या वेळी मेंढ्या डोंगर ओलांडून चरायला जायच्या. तेव्हा लांब पायांचीच लागत असेल. आता त्या कुंपणात चरतात."

आप्पांनी दांडीकडे मान वळवली. "बाप मला कधी बोलला नाही, दांडी कशासाठी ते," आप्पा म्हणाले. "मी विचारलंही नाही."

धाकट्याने डावीकडच्या आवारात हात घालून एक निळं कोकरू उचललं, एका हाताने. "ही ठेवायची? ही? हे मांजर आहे, ताई. हिचं मटण कोण घेणार?"

"हिचं मटण विकायचंच नाहीये. हिच्या पोरांचं विकायचंय."

"आणि यंदा गवत चांगलं होतं म्हणून जुळी झाली असली तर? रक्ताचं काहीच नसेल तर? बाई काय म्हणाली, चारा नसेल तर दोन मेलेली."

"उंच मेंढ्या कमी झाल्या की चारा उरेल."

"उरेल कशावरून?"

गवत की रक्त, हे मला कुठे ठाऊक होतं? क्षणापूर्वी मी वकिलासारखी बोलत होते.

"अहो ताई," काटेवाला ट्रकाच्या सावलीतून ओरडला, "भांडण संध्याकाळी करा की! कोकरं तापतायत. कुठली भरू?"

"उजवीकडची," मी म्हटलं.

तो दोन पावलं पुढे आला. "उजवीकडची? ही?"

"ऐकू येत नाही का?"

"येतं, येतं! चांगलं येतं!" आणि त्याने ट्रकाची फळी अशी धाडकन खाली टाकली, की मी मत बदलायच्या आत अर्धी कोकरं वर चढलीसुद्धा. हा माणूस खूश झाला की आपलं काहीतरी चुकलेलं असतं, एवढं एक शास्त्र मला पक्कं येत होतं. आप्पांनी अडवावं असं वाटलं. नेहमी कशालाही अडवणारे आप्पा फाटकाशी बसून बघत होते.

वजनं झाली. काटा त्याचा, डोळे माझे, तरी पैसे गेल्या खेपेपेक्षा चांगलेच जास्त आले. येणारच, दरवर्षी त्याला माद्यांतलं किडूकमिडूक मिळायचं, यंदा त्याने मलई नेली. धाकटा नोटांकडे आणि उजवीकडच्या रिकाम्या आवाराकडे आळीपाळीने बघत होता.

"पैसे जास्त आले," तो म्हणाला. "मग आपलं बरोबर आलं की आपण वेड्यासारखं घर विकून खाल्लं?"

"मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू?"

ट्रक गेला. पण निळी सगळीच्या सगळी ठेवता येत नव्हती, तेवढं कुरणच नाही. उरलेली पुढच्या ट्रकाला द्यायची. आप्पा म्हणाले, "आता यातली ठेवायची कुठली? आणि कशावरून?"

आम्ही तिघं कोकरांकडे बघत उभे राहिलो. इतकी वर्षं घरात मेंढ्या, आणि दांडी बाजूला केली तर मेंढीत काय बघायचं ते एकालाही सांगता येईना. मी एकीचे दात बघितले. का बघितले ते मला माहीत नाही. आप्पा म्हणाले, पाय बघ. पाय चार होते.

"हिची आई ती फाटक्या कानाची," धाकटा अचानक म्हणाला. त्याने एक कोकरू गुडघ्यांत धरलं होतं. "दोन्ही पिलं तिने स्वतःच्या दुधावर काढली. मी खुराक घेऊन जायचो तर ढुंकून बघायची नाही. ही ठेवा. आणि ती पलीकडची घालवा, तिची आई रोज गव्हाणीत तोंड घालून. एवढं खाऊनही जुळा भाऊ मेला या पोरीचा."

"तुला हे सगळं लक्षात आहे?"

"खुराक कोण घालत होतं? तू?"

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कुणाचा ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोकरू गुडघ्यांतच ठेवून त्याने फोन कानाला लावला.

"हो साहेब... हो, आजच सांगायचं होतं... नाही, आत्ता जरा मेंढ्यांमध्ये आहे... उद्या नाही का चालणार?... बरं." त्याने गुडघ्यांतल्या कोकराकडे पाहिलं. "मग राहू द्या. द्या दुसऱ्याला."

फोन खिशात गेला. कुंपणाशी उभी असलेली भावजय पुढे आली.

"राहू द्या? मला विचारलंत?"

"अगं, ऐक तरी—"

"खोली बघून आले होते मी. नळाला दिवसभर पाणी आहे तिथे. कशाच्या जोरावर राहू द्या?"

"या मेंढ्या मोठ्या होऊन व्यायल्या की कळेल."

"म्हणजे दोन वर्षं! आणि नाही दिली त्यांनी जुळी तर?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मग भावजयीने पाहिलं. मग आप्पांनीही. तान्हंसुद्धा माझ्याकडेच बघत होतं.

"सांग ना, ताई," धाकटा म्हणाला. "तू म्हणालीस म्हणूनच ना?"

त्याने राहावं एवढंच मला हवं होतं. तो राहिला होता. आणि आता मला उलगडेना, की मघाशी ते सगळं मला मेंढ्यांमध्ये दिसलं होतं, की तो जाऊ नये म्हणून मी बघून घेतलं होतं. निळी कोकरं डावीकडे गेली, हे खरं. पुढचं सगळं मी बोलले होते, मोठ्या आवाजात, आणि मोठ्या आवाजात बोललेलं मला नेहमीच खरं वाटतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

भावजय तान्ह्याला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. धाकटा त्या दाराकडे बघत राहिला, तिच्यामागे जाईल असं वाटलं. मग त्याने वाकून पुढच्या कोकराचा पाय पकडला, त्याला ओढून आप्पांसमोर उभं केलं.

"ही कुणाची? हिची आई कुठली?"

आप्पांनी डोळे बारीक केले, कोकराचं तोंड इकडून तिकडून वळवून बघितलं. त्यांना सांगता येईना. मलाही नाही.